केळ्या आंब्याची ढोली

वारजे पालिकेत जाणार, जाणार असं सगळे म्हणत होते त्या उन्हाळ्यात जयसिंगने आमराई विकली. बिल्डर दोनदा घरी आला, चहा प्याला आणि व्यवहार झाला. आईला त्याने तो झाल्यावर सांगितलं. सोजरबाई तेव्हा अंगणात गोवऱ्या थापत होती. तिने वर पाहिलं नाही. त्या दिवशी मात्र तिने नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त गोवऱ्या थापल्या.

झाडं तोडायला भवानी पेठेतून चांदचं बिऱ्हाड आलं. चांद, त्याची बायको हमीदा आणि धाकटा भाऊ मेहबूब. टेम्पोतून करवत, कुऱ्हाडी, दोर, पाचरी, पाण्याचा माठ आणि एक स्टोव्ह उतरला. झाडं तोडणारी माणसं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कोणीतरी राक्षस उभे राहतात. चांद किडकिडीत होता, चष्मा लावायचा आणि शिंकांनी बेजार असायचा. भुशाने त्याचं नाक कायम गळत असे. पण करवतीला हात लागला की शिंका बंद. मी तेव्हा जयसिंगच्या शेजारीच भाड्याने राहत होतो, म्हणून हे काम मला रोज बघायला मिळालं. झाड कुठे पडणार ते चांद जमिनीवर रेघ ओढून दाखवायचा, आणि झाड त्या रेघेवरच पडायचं. असं काम बघताना वाईट वाटायचं आणि नजरही हलायची नाही.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. तोडण्याआधी प्रत्येक झाडाला कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूने, एक ठोका द्यायचा. भरीव आवाज आला तर झाड वखारवाल्याचं. पोकळ आवाज आला तर ते तोडणाऱ्याचं, कारण पोकळ खोडाची फळी निघत नाही, नुसतं जळण होतं. चांदच्या अब्बांनी वखारवाल्याशी हे बोलून ठेवलं होतं आणि दोन्ही घरं ते पाळत आली होती. आणि जे आपलं ते आधी पाडायचं, हेही अब्बांचंच.

या खेपेला घरी पोकळ लाकडाची वाट पाहणं चाललं होतं. पावसाआधी थोरल्या मुलीचा, नसीमबानूचा निकाह होता. जेवणाच्या डेगा आमराईच्या लाकडावर चढवू, असं चांदने आपल्या आईला, अख्तरबानूला सांगून ठेवलं होतं. म्हातारीने ते पेठेत सगळीकडे सांगून टाकलं होतं.

आमराईतल्या प्रत्येक झाडाला नाव होतं. शेपू, गोटी, खोबऱ्या, केळ्या. ओढ्याकडच्या कोपऱ्यातला केळ्या सगळ्यांत थोरला. चांदने बाकीच्या झाडांना ठोके दिले, सगळी भरीव निघाली. केळ्याला दिला तेव्हा डेऱ्यावर थाप मारावी तसा आवाज आला. वर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा उंचीवर, ढोली होती. तिचं तोंड मातीने लिंपलेलं आणि मधे एक उभी फट तेवढी मोकळी.

"वाळवी," चांद म्हणाला. "आतून खाऊन टाकलंय सगळं. आपलं झाड. उद्या हेच पहिलं."

"भाभी, बिर्याणीचा वास यायला लागला बघा," मेहबूब म्हणाला.

हमीदाने हसून मान हलवली. पण ती खोडाजवळ उभी होती, आणि ठोक्यानंतर तिला वरून टकटक ऐकू आली. ठोक्याला कोणी जबाब द्यावा तशी. वाळवी टकटक करत नाही एवढं तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पुरुष दोर बांधत होते तेव्हा ती शेजारच्या ओंडक्यावर बसून वर बघत राहिली. मोठ्या वाकड्या चोचीचा एक राखी पक्षी आला आणि ढोलीला बिलगून बसला. त्याने घशातून एक उंबराचं फळ वर काढलं आणि फटीत धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं, फळ घेऊन आत गेलं. मग दुसरं फळ. मग तिसरं. पोटातून काढून देतोय आणि स्वतः एकही खात नाही, हे पाहून हमीदा उठून उभी राहिली.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "आत कोणीतरी आहे."

चांद चष्मा पुसत वर बघू लागला. तेवढ्यात कळशीभर पाणी घेऊन सोजरबाई आली. पाणी ती रोज आणून देई, बोलत मात्र नसे. आज बोलली.

"बाळंतीण हाय ती. धनेशाची मादी. ढोलीत शिरती आन् सोताला कोंडून घेती. त्यो माती आणून देतो, ती आतनं लिंपती. पिल्लं मोठी हुईस्तवर भायेर येत न्हाय."

"मग झाड हलवलं तर उडून जाईल की," मेहबूब म्हणाला.

"कशानं उडंल? पंखाची पिसं झडत्यात तिची आत बसल्यावर. नवऱ्यानं आणलं तर खायाचं, न्हाय तर मरायचं." सोजरबाईने कळशी टेकवली. "केळ्याच्या ढोलीत ती माझ्या लग्नाआधीपास्नं येती. ही न्हाय, हिची आय, आज्जी. आधी समद्या आमराईत असायची. आता ही एकच जोडी ऱ्हायली."

चांद मटकन खाली बसला. त्याला काय झालं ते आधी कोणालाच कळेना. मग तो बोलायला लागला. हडपसरच्या बागा, कोथरूडची झाडं, मुळशीकडची रानं. किती ठिकाणी त्याने लिंपलेल्या ढोल्या पाहिल्या होत्या. दर वेळी वाळवी समजून ते झाड आपलं म्हणून आधी पाडलं होतं. पडलेलं खोड फुटलं की आत पिसं निघायची, कधी मऊ काहीतरी चेंगरलेलं. सापाने खाल्लं असेल, म्हणून तो ते फावड्याने बाजूला सारायचा.

"आमच्या वखारीच्या पिंपळावर लहानपणी यायचे हे," तो म्हणाला. "आता नाही येत. मी सगळ्यांना सांगायचो, शहर वाढलं म्हणून नाही येत."

त्याला फार लाज वाटली. ती तोंडावर दिसत होती. लाज वाटल्यावर माणसं बहुधा दुसऱ्यावर खेकसतात, चांद खेकसला नाही, हे मला त्याचं आवडलं.

मेहबूब मात्र वैतागला. "मग काय करायचं? निकाह नसीमचा आहे का पाखराचा? पोकळ झाड हे एकच आहे इथे."

हमीदाने पदर खोचला. नसीमच्या वेळी भवानी पेठेतल्या आठ-बाय-दहाच्या खोलीत तिने चाळीस दिवस काढले होते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चांद कामावरून यायचा, दारातूनच तिच्या हातात खजूर द्यायचा आणि नाक गळत असल्यामुळे आत यायचा नाही. हे सगळं ती बोलली नाही. ती म्हणाली, "पोकळ ते आपलं, असं अब्बांनीच ठरवलंय ना? मग आपलं झाड कधी पाडायचं ते आपण ठरवू. बाकीची पाडा आधी."

तसं काम सुरू झालं. वैशाखाचं ऊन, अंगावर कैरीचा चीक उतून फोड आलेले, कैऱ्यांसकट झाडं खाली येत होती. हमीदा फांद्या छाटून मोळ्या बांधायची. तिच्या तळहाताला दोन ठिकाणी भेगा पडल्या, त्यांत ती स्टोव्हवर कढवलेलं तेल भरायची. एकेक झाड गेलं तसा केळ्या लांबूनही दिसायला लागला.

बिल्डरचा साइटवरचा माणूस श्यामसुंदर दुपारी स्कूटरवरून यायचा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण उगाच जन्माला आलो असं वाटावं.

"हे कोपऱ्यातलं राहिलं का शोभेला?"

"त्यात पाखरू बसलंय साहेब, अंड्यांवर," चांद म्हणाला. "पोकळ झाड आमचं असतं. पावसाआधी पाडून देतो."

"झाड तुमचं असेल हो. उभं कुणाच्या जमिनीत आहे?" श्यामसुंदरने रुमालाने सीट पुसली. "पाखरांची नोंदणी आमच्या ऑफिसात होत नाही. उद्या मशीनची करवत पाठवतो. तुम्हाला जमत नसेल तर नाही जमत म्हणावं माणसाने."

हमीदा मोळी टाकून पुढे आली. श्यामसुंदर तिच्याकडे न बघता चांदलाच म्हणाला, "बाईंना सावलीत बसवा." तरी ती बोललीच.

"साहेब, बुडखे कोण काढणार?"

बुडखे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जमिनीतले बुंधे. ते काढल्याशिवाय पाया खणता येत नव्हता, आणि ते उपटायचं यंत्र दुसऱ्या साइटवर अडकलं होतं. हे तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

"आम्ही काढतो," ती म्हणाली. "सगळे. हाताने. कोपरा शेवटी घ्या, एवढंच."

श्यामसुंदरने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. हाताने आंब्याचा बुडखा काढणं म्हणजे काय ते त्यालाही माहीत होतं. "करा," तो म्हणाला. "हौस आहे तुम्हाला. बुडखे नेऊन टाकायचेही तुम्हीच."

मेहबूब त्या संध्याकाळी भाभीशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहार मात्र त्यानेच आधी उचलली.

बुडखा काढणं हे काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. भोवतीने खड्डा खणायचा, गुडघ्यांवर बसून मुळांमधली माती हाताने उकरायची, मग एकेक मूळ तोडायचं. मुळं मांडीएवढी. कुऱ्हाड मातीतल्या दगडावर आपटली की हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. चांदची पाठ धरली. हमीदा घमेली वाहायची, आणि नवरा खड्ड्यातून वर यायला लागला की त्याला हात द्यायची. तिघंही मातीने एका रंगाची झाली होती. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, पाखरासाठी? आणि हसायचे. हमीदाही हसायची. "पाखरासाठी," ती म्हणायची आणि घमेलं उचलायची. अशा बायका मी आयुष्यात फार थोड्या पाहिल्या.

नर दिवसभर फेऱ्या मारत होता. मोकळ्या जमिनीवरून उडताना कावळे त्याच्या मागे लागायचे. तो वेडावाकडा उडत यायचा, ढोलीला बिलगायचा, फळं द्यायचा, पुन्हा जायचा.

आणि मग चूक झाली.

ओढ्याकाठी एक उंबर होता. तोही हद्दीत येत होता. उंबराला, वडाला, पिंपळाला गावातलं कोणी कुऱ्हाड लावत नाही. अशा झाडांसाठी पुण्यातल्या चांदच्या घराण्यालाच बोलावणं जाई. पाप बाहेरून मागवायची ही सोय जुनी आहे. श्यामसुंदरने आधी उंबराला हात जोडले आणि मग मेहबूबला म्हणाला, "हं, घ्या उरकून." मेहबूबने ठोका दिला, झाड भरीव निघालं, दुपारपर्यंत ते आडवंही झालं. चांद लांबच्या खड्ड्यात होता. हमीदा भाकरी आणायला सोजरबाईकडे गेली होती. झाड भरीव म्हणजे त्यात पाखरू नाही, म्हणजे ते पाडायला हरकत नाही, असा मेहबूबचा सरळ हिशेब. त्याच्या जागी त्याचा भाऊ असता तर त्यानेही तेच केलं असतं.

त्यानंतर नराच्या फेऱ्या कमी झाल्या. सकाळी एकदा आला, मग दुपार उलटेपर्यंत नाही. आला तेव्हा त्याच्या घशातून एकच फळ निघालं. फटीतली चोच बाहेर येऊन वाट बघत राहायची. दुसऱ्या दिवशी टकटकही ऐकू येईना.

हमीदा पडलेल्या उंबराकडे गेली. चिरडलेली फळं मुंग्यांनी भरली होती. तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"घर ठेवलं आपण," ती म्हणाली, "आणि चूल मोडली."

मेहबूबचं तोंड एवढंसं झालं. तो कोयता घेऊन उठला. "कुठे आहे अजून उंबर?"

"गावात, दत्ताच्या देवळामागं हाय," सोजरबाई म्हणाली. "पर त्येला कोयता लावू देनार न्हाईत तुला. चल, मी येते."

मी बरोबर गेलो. उंबराची फळं खोडाला घोसांनी लगडतात, घोस काढायचे तर कोयता लावावाच लागतो. देवळात दोन-चार जण पत्ते खेळत होते. त्यांतला एक उठून म्हणाला, "ए, कोण रे तू? कोयता खाली ठेव." सोजरबाई पुढे झाली. वय झालेली बाई, कधी कोणासमोर आवाज न चढवलेली. तिने आधी उंबराला नमस्कार केला, मग मेहबूबच्या कोयत्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"मीबी हात लावलाय," ती त्यांना म्हणाली. "पाप लागलं तर माझं. बाळंतिणीला न्यायचंय. आमराई इकली तवा कोनी आडवं आला न्हाईत रे, आज उंबराच्या चार घोसांसाठी आलाय व्हय?"

उठलेला माणूस पुन्हा पत्त्यांशी जाऊन बसला.

घोस पाटीत भरून आणले. आता ते केळ्यावर चढवायचे कसे? जयसिंग मोटरसायकलवरून चालला होता. तो थांबला, आईच्या डोक्यावरची पाटी पाहिली, घरात गेला आणि शिडी घेऊन आला. शिडी खोडाला टेकवून तो निघून गेला. त्या दिवसापासून शिडी तिथेच राहिली.

मेहबूब वर चढला. जन्मभर दोर बांधला तो झाड खाली ओढायला. आज त्याच दोराने तो ढोलीजवळच्या फांद्यांना उंबराचे घोस बांधत होता. सगळे लांब जाऊन बसले. सावल्या लांबल्या तरी नर येईना. हमीदाच्या ओठांत दुआ चालली होती. सोजरबाईने डोळे मिटून घेतले होते. मग कर्कश किंकाळी ऐकू आली आणि तो आला. बांधलेल्या घोसाकडे त्याने दोनदा मान वाकडी करून बघितलं, संशयी म्हाताऱ्याने भाजी निवडावी तसं एक फळ तोडलं आणि फटीपाशी गेला. फटीतून चोच बाहेर आली.

मेहबूब रडत होता आणि नाक ओढत म्हणत होता, "भुसा गेला डोळ्यात." भुसा त्या वेळी कुठेच उडत नव्हता.

त्यानंतर रोज देवळामागून घोस यायचे. पत्ते खेळणाऱ्यांतलाच एक जण पुढे पुढे ते काढून ठेवायला लागला.

निकाहाच्या दिवशी डेगांखाली काय लावायचं हा प्रश्न चांदला पडलाच नाही. श्यामसुंदरने नेऊन टाकायला सांगितलेले सगळे बुडखे टेम्पोने भवानी पेठेत गेले होते. ते फोडताना सगळ्या गल्लीला घाम फुटला, पण पेटल्यावर त्यांची आच अशी एकसारखी लागली की भटारी म्हणाला, असं जळण मला दर लग्नाला द्या. अख्तरबानूने सोजरबाईला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. सोजरबाईसाठी शाकाहारी भात वेगळ्या भांड्यात केला होता. सोजरबाईने नसीमच्या ओटीत कैऱ्या घातल्या. केळ्याच्या होत्या त्या, शेवटच्या.

लग्नाची गडबड ओसरते न ओसरते तोच ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर फांदीवर बसली होती, मळकी, अंग आखडलेली. कोंडून राहिलेल्या माणसासारखी ती एकेक पंख ताणून बघत होती. काही दिवसांनी पिल्लं बाहेर आली, दोन. पहिलं पिल्लू उडालं आणि थेट सोजरबाईच्या गोवऱ्यांवर जाऊन आदळलं. मग सगळं कुटुंब ओढ्यापलीकडे दिसेनासं झालं.

चांदने शब्द दिला होता. त्याने केळ्याला ठोका दिला आणि कान लावून उभा राहिला. जबाब आला नाही. त्याने पुन्हा ठोका दिला. मग जमिनीवर रेघ ओढली. केळ्या रेघेवर पडला, आणि सोजरबाई घरात निघून गेली.

केळ्या आता त्यांचा होता, जळणाचा. पण हमीदाने चांदला ढोलीच्या वर आणि खाली करवत लावायला लावली. ढोलीचा तेवढा तुकडा, फटीभोवतीच्या वाळक्या लिंपणासकट, अख्खा निघाला. तो आम्ही चौघांनी देवळामागे वाहून नेला आणि मेहबूबने उंबराच्या उंच बेचक्यात दोराने पक्का बांधला. घर आणि चूल एका ठिकाणी. श्यामसुंदर स्कूटर थांबवून बघत होता. "आता याची घरपट्टी कोण भरणार?" तो म्हणाला. पण दोराचं एक टोक धरून उभा राहिला, हेही सांगायला पाहिजे.

नंतरच्या वर्षभरात चांदने पुण्याच्या चारी बाजूंना कामं केली. ठोका दिला की तो खोडाला कान लावायचा. लिंपलेली ढोली मिळाली तर हातातलं काम सोडून द्यायचं, असं तिघांचं ठरलं होतं. काम सोडायची वेळ एकदाही आली नाही. कुठल्याच झाडातून जबाब आला नाही. चांद मला म्हणाला, "आम्ही बरीच वर्षं फार मन लावून काम केलं हो."

पुढच्या वैशाखात सोजरबाईचा निरोप गेला. चांद आणि हमीदा दोघं सिटी बसने स्वारगेटवरून आली. उंबराखाली आता पत्ते खेळणारे आवाज न करता खेळत होते. वरच्या तुकड्याची फट नव्या, ओल्या मातीने लिंपलेली दिसत होती.

चांदला राहवेना. सवयीने आणलेली कुऱ्हाड कमरेला होतीच. ती काढून त्याने हमीदाच्या हातात दिली, जयसिंगची शिडी उंबराला लावली आणि चढला. वर जाऊन त्याने बोटाच्या पेराने तुकड्यावर हलकेच ठोकलं. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे होतो.

आतून टकटक झाली.

चांद तिथेच, शिडीवर, खोडाला कपाळ टेकून उभा राहिला. नर फळ घेऊन आला होता आणि दुसऱ्या फांदीवर खोळंबला होता.

"उतरा आता," हमीदा खालून म्हणाली. "तिला जेवू द्या."